याग लेझरसाठी पाण्यावर थंड होणारा २० अँपिअरचा ड्रायव्हर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात एक जुनं लेझर मार्किंग मशीन आहे. पॅनेलच्या नेमप्लेट, बेअरिंगवरचे नंबर, लग्नसराईत पितळी समयांवर नावं, असली कामं त्याच्यावर चालतात. आत डायोडच्या प्रकाशावर चालणारा (पंप होणारा) याग लेझर आहे; याग म्हणजे एक कृत्रिम स्फटिक. ८०८ नॅनोमीटरचे डायोड बार याग रॉडवर बाजूने प्रकाश टाकतात आणि रॉडमधून १०६४ नॅनोमीटरचा बीम निघतो, पूर्ण जोरावर साधारण ५० वॅटचा. मूळ ड्रायव्हर, म्हणजे डायोडना करंट पुरवणारं सर्किट, गेला तेव्हा मी स्वतः एक बनवला. त्याने तिसऱ्या आठवड्यात मॉड्यूलच (बार आणि रॉडचा संच) मारलं, आणि कारण काय, तर एक ढिला लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड. हा लेख दुसऱ्या ड्रायव्हरचा आहे, जो अजून चालतोय. पहिल्यातली चूक जिथे लागू पडते तिथे सांगेनच.

तुम्हाला पॅनेल वायरिंग येतं, स्कोप वापरता येतो आणि मेन्सला हात लावताना भीती वाटते (वाटायलाच हवी), असं धरून लिहितोय. हा क्लास ४, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातला लेझर आहे. १०६४ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि चकचकीत नेमप्लेटवरून परतलेला किरणसुद्धा पडदा जाळतो. चष्म्यावर ८०८ आणि १०६४ या दोन्ही तरंगलांबी छापलेल्या हव्यात. वेल्डिंगचा चष्मा इथे चालत नाही. खालचं निम्मंअधिक काम बीम न काढताच होतं, तरीही चष्मा पहिल्या दिवशीच आणून ठेवा.

आधी लेबल वाचा

माझ्या मॉड्यूलमध्ये १२ बार सिरीजमध्ये आहेत. २० अँपिअरला प्रत्येक बारवर साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणजे एकूण २४ व्होल्ट, ४८० वॅट. त्यातले ५० वॅट बीम म्हणून बाहेर जातात, उरलेले ४३० वॅट उष्णता म्हणून पाण्यात. तुमच्या मॉड्यूलचे आकडे वेगळे असतील, तर पुढची सगळी गणितं त्या आकड्यांनी परत करा.

डायोडला व्होल्टेज देऊन चालत नाही, करंटच मोजून द्यावा लागतो. व्होल्टेज थोडंसं चढलं तरी करंट भसकन चढतो, आणि बारच्या तोंडाशी असलेला काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग काही मायक्रोसेकंदांत भाजून जातो. फ्यूज, एमसीबी, तुमचा हात, कुणालाच तेवढा वेळ मिळत नाही. उलटं व्होल्टेजही एका बारला दोनेक व्होल्टच्या पुढे सोसत नाही. म्हणून ड्रायव्हर चालू होताना, बंद होताना आणि जोड हलताना काय करतो हे आधी बघायचं. एकसारखा २० अँपिअर देणं हा यातला सोपा भाग.

लिनिअर का

कुणालाही विचारा, तो म्हणेल की स्विचिंग ड्रायव्हर (करंट भराभर चालू-बंद करून आवरणारा) करा, कार्यक्षमता जास्त. खरं आहे. पण मॉड्यूलला पाणी लागतंच, चिलर आहेच, पाइप आहेतच. मग ७० वॅट जास्तीची उष्णता त्याच पाण्यात सोडली तर बिघडलं काय? लिनिअरमध्ये (जिथे जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन जातं) रिपल, म्हणजे करंटमधले हेलकावे नाहीत, इंडक्टर नाही, आणि काही बिघडलं तर मल्टिमीटरने शोधता येतं. मी लिनिअरच केला आणि आजही तेच करीन.

मेन्सपासून २८ व्होल्ट बनवायला तयार एसएमपीएस घ्या. २७ व्होल्टचा हजार वॅटचा मिळतो, त्याचा ट्रिमर फिरवून २८ वर आणता येतो. तो स्वतःच्या पंख्यावर थंड होतो, त्याला पाणी नको. २८ मधून मॉड्यूलचे २४, तारा आणि सेन्स रेझिस्टरचा (करंट मोजणारा) मिळून अर्धा व्होल्ट वजा केला की मॉस्फेटवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या ट्रान्झिस्टरवर, साडेतीन व्होल्ट उरतात. साडेतीन गुणिले वीस म्हणजे ७० वॅट. कमी करंटला डायोडचं व्होल्टेज उतरतं आणि मॉस्फेटवरचं चढतं, तरी गुणाकार कुठेही ८० वॅटच्या वर जात नाही.

पहिल्या ड्रायव्हरमध्ये हाताशी होता म्हणून ३६ व्होल्टचा सप्लाय वापरला होता. तेव्हा मॉस्फेटवर १२ व्होल्ट, २४० वॅट. पाण्याने ते सहज ओढून नेलं, म्हणून मी खूश होतो. पण जास्तीचं व्होल्टेज म्हणजे डायोडच्या दाराशी उभा असलेला जास्तीचा करंट. मॉस्फेट शॉर्ट झाला किंवा क्षणभर पूर्ण उघडला, तर तो सगळा आत शिरतो. काम भागेल इतकंच व्होल्टेज ठेवा.

मॉस्फेट चार, आयआरएफपी२५०एन, प्रत्येकी ५ अँपिअर. नवे, कमी रोधाचे ट्रेंच मॉस्फेट कागदावर भारी दिसतात, पण ते स्विच म्हणून बनवलेले असतात. अर्धवट उघडे ठेवले तर चिपच्या एका कोपऱ्यात उष्णता गोळा होते, तिथेच करंट वाढतो आणि तेवढाच ठिपका जळतो. जुन्या बनावटीचे, जाड चिपचे मॉस्फेट इथे जास्त टिकतात.

तांब्याची प्लेट

नाशकात स्विचगिअर आणि पॅनेल बनवणारे पुष्कळ असल्यामुळे तांब्याचे तुकडे शोधायला फार फिरावं लागत नाही. १६ मिमी जाडीचा, १०० बाय १५० चा तुकडा पुरतो. वजन सव्वादोन किलोच्या आत भरतं. तांब्याच्या भावात तोही स्वस्त पडत नाही, पण ॲल्युमिनियमचा मोह टाळा. मॉड्यूलच्या आत तांबं असतं, आणि एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम फिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याचा पांढरा गाळ मॉड्यूलच्या बारीक वाटांत जाऊन बसतो.

आत इंग्रजी यू आकाराची वाट करायची. रुंदीच्या एका कडेपासून ३० आणि ७० मिमीवर दोन लांब भोकं, ८ मिमीच्या लाँग सीरिज ड्रिलने १४० मिमी खोल. मग बाजूने एक आडवं भोक, जे दोन्हींना टोकाशी जोडतं. आडव्याचं तोंड पितळी प्लगने बंद. भोकांच्या तोंडाशी ८.८ मिमीचं ड्रिल मारून एक सुती बीएसपीचा टॅप फिरवा.

हे काम आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या टर्नर काकांनी केलं. मी शेजारी उभा राहून घाई करत होतो.

"भाऊ, तांबं आहे हे. पोलादासारखं तुटत नाही, चिकटतं. ड्रिल आत गेलं की बाहेर काढायचं, कीस झाडायचा, केरोसीन घालायचं, मग परत."

दर पाच मिमीला ते ड्रिल बाहेर काढत होते. दोन भोकांना दुपार गेली, पण ड्रिल मोडलं नाही. मोडलं असतं तर अख्खा तुकडा भंगारात गेला असता, कारण खोलवर अडकलेलं ड्रिल तांब्यातून काढता येत नाही.

मॉस्फेटच्या स्क्रूसाठी एम३ ची भोकं, २.५ मिमी ड्रिल, ६ मिमी खोल. पाण्याची वाट पृष्ठभागाखाली फक्त ४ मिमीवर आहे, म्हणून ही भोकं वाटेच्या मध्यरेषेपासून किमान ८ मिमी बाजूला आखा. आखणी मार्करने नको, पंच मारून करा. सगळं झाल्यावर एक तोंड बंद करून दुसऱ्यातून ४ बार हवा भरा आणि प्लेट बादलीत बुडवून दहा मिनिटं बघा. एक बुडबुडा दिसला तरी प्लग काढून टेफ्लॉन टेप परत गुंडाळा.

मॉस्फेटची पाठ म्हणजे ड्रेन (करंट आत येणारं टोक), जिवंत. तिच्या आणि प्लेटच्या मध्ये ॲल्युमिना सिरॅमिकचा पॅड, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ हात. एकावर १७ ते २० वॅट, जंक्शनपासून प्लेटपर्यंत वॅटला साधारण १.१ अंश, म्हणजे पाणी २७ असेल तर जंक्शन पन्नाशीच्या आसपास. मॉस्फेटला यात काहीच त्रास नाही.

प्लेट खोक्याच्या मागच्या भिंतीवर अशी बसवा की मॉस्फेटची बाजू आत आणि पाण्याची तोंडं भिंतीबाहेर राहतील. सर्किटच्या डोक्यावर पाण्याचा एकही जोड नको. गळायचं ते बाहेर गळू दे.

पाणी

५०० वॅट, मिनिटाला ४ लिटर. ४ लिटर प्रति मिनिट म्हणजे एक अंश चढायला २७९ वॅट, तेव्हा पूर्ण फेरीत पाणी १.८ अंशांनी तापतं. पाऊण किलोवॉटचा कॉम्प्रेसर चिलर पुरतो. पाणी आधी मॉड्यूलला, तिथून प्लेटला. उलट जोडलंत तर मॉड्यूलला कधीच ठरलेलं तापमान मिळणार नाही.

अनेक मॉड्यूलमध्ये पाणी जिवंत तांब्याला थेट लागतं. नळाचं पाणी घातलं तर त्यातून करंट वाहतो आणि धातू झिजतो. घरच्या आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि स्वस्तातल्या टीडीएस मीटरने तपासा. नवं पाणी १ ते २ पीपीएम दाखवतं. आकडा पाचाच्या वर गेला की मी पाणी बदलतो. पाइप काळा घ्या, पारदर्शक पाइपमध्ये महिन्याभरात शेवाळ धरतं.

तापमान किती ठेवायचं, याचं उत्तर नाशकात ऋतूगणिक बदलतं. जुलैत गाळ्यातली हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते, तेव्हा दवबिंदू २३ च्या वर येतो. अशा वेळी कुणी चिलर २० वर लावला तर फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं मॉड्यूल बाहेरून ओलं होतं, आणि आत डायोडच्या तोंडावरही दव धरतं. २५ च्या खाली जाऊ नका.

डिसेंबरात दुखणं उलटं. सकाळी टाकीतलं पाणी १२ अंशांवर असतं, निफाडकडे तर पारा आणखी खाली. डायोडची तरंगलांबी अंशामागे साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, म्हणजे १३ अंशांनी गार पाण्यात ती ८०४ च्या आसपास येते. याग ८०८ ला नीट शोषतो, ८०४ ला नाही. मार्किंग फिकं येतं, ऑपरेटर करंट वाढवतो, पाणी तापतं, आणि अकरा वाजेपर्यंत नेमप्लेट काळी पडायला लागते. त्याला करंट वाढवायची मुभाच देऊ नका. टाकीत छोटा हीटर टाका आणि २३ अंश होईपर्यंत मशीन चालू होणार नाही असा थर्मोस्टॅट लावा.

सर्किट

२८ व्होल्टची धन तार मॉड्यूलच्या धन टोकाला. मॉड्यूलचं ऋण टोक चारही ड्रेनना, प्रत्येक फांदीत साडेसात अँपिअरचा गाडीतला ब्लेड फ्यूज. प्रत्येक सोर्सखाली (मॉस्फेटचं करंट बाहेर जाणारं टोक) ५० मिलिओहमचा ५ वॅटचा मेटल-स्ट्रिप रेझिस्टर. ५ अँपिअरला त्याच्यावर ०.२५ व्होल्ट येतात. सिमेंटचे वायरवाउंड नकोत, ते तापले की सरकतात. चारही रेझिस्टरची खालची टोकं एका बोल्टवर, तोच सर्किटचा शून्य, तोच अर्थला. मॉड्यूलच्या तारा ६ स्क्वेअर मिमी, एकमेकींना पीळ घालून.

प्रत्येक मॉस्फेटला स्वतःचा ऑपॅम्प, म्हणजे मागितलेला आणि मोजलेला करंट ताडून मॉस्फेट उघडणारा-मिटणारा ॲम्प्लिफायर. एका एलएम३२४ मध्ये चार असतात, १२ व्होल्टवर चालतात आणि शून्यापर्यंतचं इनपुट वाचतात. चार मॉस्फेटचे गेट (उघडण्या-मिटण्याचा हुकूम घेणारं टोक) एकत्र बांधून एकाच ऑपॅम्पवर चालवायचा शहाणपणा करू नका, ते करंट कधीच सारखा वाटून घेत नाहीत. ऑपॅम्पच्या आउटपुटपासून गेटपर्यंत १०० ओहम, सेन्स रेझिस्टरपासून उलट्या इनपुटपर्यंत १ किलोओहम, आउटपुट ते उलटं इनपुट १ नॅनोफॅरड. एलएम३२४ मुळातच सुस्त आहे, इथे ती सुस्ती कामाची.

रेफरन्स (किती करंट हवा हे सांगणारं व्होल्टेज) टीएल४३१ वरून २.५ व्होल्ट, दहा फेऱ्यांचा पॉट (पोटेन्शिओमीटर), पॉटच्या मधल्या पायापासून शून्याला १०० किलोओहम. पॉटचा संपर्क तुटला तर करंट खाली यायला हवा, वर नाही. पुढे १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड, म्हणजे करंट सेकंदाच्या मापाने हळू चढतो. मग एक बफर, मग ९ किलो आणि १ किलोचा डिव्हायडर. पॉट पूर्ण फिरवला तरी ०.२५ व्होल्टच मिळतात, २० अँपिअरच्या वर मागताच येत नाही.

बिघाड झाला की हा रेफरन्स शून्यावर ओढायचा. ओढणारा स्विच कपॅसिटरनंतर, ०.२५ व्होल्टच्या जागी लावा, नाहीतर कपॅसिटर रिकामा होईपर्यंत लेझर चालू राहील. आणि तिथे साधा ट्रान्झिस्टर नको. तो पूर्ण चालू असतानाही त्याच्यावर ०.०५ व्होल्ट राहिले तर चार फांद्यांचे मिळून ४ अँपिअर वाहतातच. २एन७००० लावा, त्याच्यावर जवळपास शून्य.

मॉड्यूलच्या टोकांवर उलटा शॉट्की डायोड, आणि गाडीतल्या रिलेचा नॉर्मली क्लोज्ड संपर्क. मशीन बंद असताना मॉड्यूल शॉर्ट राहतं, स्थिर विजेपासून वाचतं. मोठा कपॅसिटर मात्र तिथे चुकूनही नको.

ढिल्या लगची गोष्ट

मॉड्यूलची तार क्षणभर सुटली की करंट शून्य. ऑपॅम्पला वाटतं, करंट कमी पडतोय, तो गेट पूर्ण उघडतो. तार परत टेकते तेव्हा मॉस्फेट सताड उघडा, आणि एलएम३२४ ला तो मिटायला पंधरा-वीस मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात सप्लायचं सगळं जास्तीचं व्होल्टेज डायोडवर. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये ते १२ व्होल्ट होतं. लग क्रिंप न करता पक्कडने दाबलेला, शेजारी कॉम्प्रेसरचा थरथराट. किती वेळा सुटला-टेकला असेल देव जाणे. मीटरवर करंट नेहमी बरोबर दिसत होता, कारण मीटर तितकं भराभर बघतच नाही. बीम दिवसेंदिवस मंद होत गेला आणि मी आरसे पुसत बसलो.

आता चारही ऑपॅम्पच्या आउटपुटवर एलएम३९३ कंपॅरेटर (व्होल्टेज हद्द ओलांडलं की इशारा देणारे) आहेत. नेहमी तिथे ५ व्होल्टच्या आसपास असतात. ८ च्या वर गेले म्हणजे ऑपॅम्प करंट शोधतोय आणि तो सापडत नाहीये. लगेच सीडी४०१३ चा लॅच (एकदा बसला की बसूनच राहणारा स्विच) बसतो, २एन७००० रेफरन्स शून्य करतो, लाल दिवा लागतो आणि हाताने रीसेट केल्याशिवाय काही सुरू होत नाही. फ्यूज उडला तरी हाच दिवा. त्याच लॅचला आणखी दोन कंपॅरेटर जोडलेत: एकूण करंट २२ अँपिअरच्या वर गेला तर, आणि ड्रेनवर १० व्होल्टच्या वर आले तर, म्हणजे मॉड्यूल शॉर्ट झालंय. हा दुसरा कंपॅरेटर शॉर्टिंग रिले उघडल्यावरच जागा होईल असं बघा, आणि करंट चढल्यावरच, कारण शून्य करंटला ड्रेनवर व्होल्ट असणारच.

लग क्रिंपरनेच दाबा. वर स्प्रिंग वॉशर.

इंटरलॉक

इंटरलॉक म्हणजे कुठेही बिघडलं की मेन्स तोडणारी २४ व्होल्टची एक फेरी, तिच्या शेवटी मेन्सच्या कॉन्टॅक्टरची कॉइल. मध्ये सिरीजमध्ये: आणीबाणीचं बटण, किल्ली, झाकणाचा मायक्रोस्विच, प्लेटवरचा ४५ अंशांचा थर्मोस्टॅट, चिलरचा अलार्म, फ्लो स्विच. फ्लो स्विचच्या जागी स्वस्तातला प्रेशर स्विच लावू नका. पाइप चोंदला तर दाब छान दाखवतो आणि मॉड्यूल कोरडं भाजतं. माझा फ्लो स्विच ३ लिटरला तुटतो. कॉन्टॅक्टर पडायला मिलिसेकंद लागतात, म्हणून फेरी तुटल्याची खबर लॅचलाही द्या.

खोटं मॉड्यूल

खरं मॉड्यूल जोडायच्या आधी खोटं जोडा. केबीपीसी३५१० हे ३५ अँपिअरचे ब्रिज रेक्टिफायर १२ आणा. ऋण पायात करंट घातला आणि धन पायातून काढला की आत दोन-दोन डायोड सिरीजमध्ये येतात आणि २० अँपिअरला दोनेक व्होल्ट पडतात. एका बारची हुबेहूब नक्कल! बारा सिरीजमध्ये, जाड ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर, वर पंखा. एकूण साडेचारशे वॅटच्या वर तापतं, तेव्हा एका वेळी दोनेक मिनिटंच.

स्कोप सेन्स रेझिस्टरवर लावा. आधी चालू-बंद पन्नास वेळा. करंट उताराने चढायला हवा, वर टोक दिसता कामा नये. मग चालू असताना मेन्स काढा. मग फ्लो स्विच सोडा. मग पॉटची मधली तार उपटा. शेवटी, १० अँपिअरला, मॉड्यूलच्या लगचा नट ढिला करून तार हलवा आणि स्कोप सिंगल ट्रिगरवर ठेवा. ठिणगी दिसेल, लाल दिवा लागायला हवा, आणि तार परत टेकल्यावर करंट शून्यच राहायला हवा. माझ्याकडे पहिल्या वेळी लॅच बसला नाही, कंपॅरेटरच्या आउटपुटला पुल-अप रेझिस्टर लावायचाच राहिला होता. हे खोट्या मॉड्यूलवर कळलं म्हणून ब्रिज रेक्टिफायरवर निभावलं.

खरं मॉड्यूल

मनगटाला अर्थचा पट्टा, मॉड्यूलची टोकं शॉर्ट ठेवून तारा कसा, मग शॉर्ट काढा. पाणी अर्धा तास फिरवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. चष्मा घाला, बीमच्या वाटेत पॉवर मीटर किंवा पाण्यावर थंड होणारा बीम डंप. ५ अँपिअर, दहा मिनिटं. माझ्या मॉड्यूलमध्ये १० च्या आसपास लेझिंग (बीम निघणं) सुरू होतं. तिथून एकेक अँपिअरने वर, आणि प्रत्येक पायरीला मॉड्यूलचं व्होल्टेज वहीत. एखादा बार शॉर्ट झाला तर एकूण व्होल्टेज एकदम दोनेक व्होल्टने खाली दिसतं, करंट मात्र जसाच्या तसा.

ती वही मशीनला दोऱ्याने बांधलेली आहे. दर सोमवारी पाणी २५ वर आलं की तारीख, करंट, व्होल्टेज, बीमचे वॅट आणि पाण्याचा टीडीएस. सुरुवातीला नेमप्लेट १४ अँपिअरला नीट उमटत होती. आता १४.४ लागतात.